हवेतले बोलणे आणि त्याचे कुलूप

पत्र लिहावे, लखोट्यात घालावे, लखोटा डिंकाने चिकटवून टपालपेटीत टाकावा, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की, लखोटा नेमका कशासाठी असतो याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पोस्टकार्डावरील मजकूर वाटेत कोणासही वाचता येतो. लखोट्यातील मजकूर वाचावयाचा तर लखोटा फाडावा लागतो, आणि फाडलेला लखोटा लपत नाही. तारेवरून चालणाऱ्या दूरध्वनीलाही असेच एक ओबडधोबड संरक्षण होते. बोलणे चोरून ऐकू पाहणाऱ्यास त्या तारेपर्यंत पोहोचून तिला आपली तार जोडावी लागे. भ्रमणध्वनीच्या, म्हणजे मोबाइलच्या, बाबतीत हे संरक्षण मुळातच नाहीसे झाले. मोबाइलमधून निघणाऱ्या बिनतारी लहरी केवळ मनोऱ्याकडे जात नाहीत. त्या चोहोकडे पसरतात, भिंतींतून पार होतात, रस्त्यावर आणि शेजारच्या घरात पोहोचतात. योग्य यंत्र ज्याच्यापाशी आहे अशा कोणासही त्या टिपता येतात, आणि त्या टिपल्याची चाहूल बोलणाऱ्यास कधीच लागत नाही. फाडलेला लखोटा येथे मागे उरतच नाही.

तेव्हा हवेतून जाणारे बोलणे परक्याच्या हाती पडणारच नाही अशी व्यवस्था करणे शक्य नाही. ते हाती पडले तरी त्याचा अर्थ लागू नये, एवढीच व्यवस्था करता येते. भ्रमणध्वनीच्या पहिल्या पिढीत तीही नव्हती. आवाजातील चढउतार लहरींवर जसेच्या तसे चढविले जात, आणि साधे लहरीशोधक यंत्र विकत घेणाऱ्या हौशी माणसास ते ऐकू येत. १९९६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच आपल्या पक्षातील नेत्यांशी दूरध्वनीवरून मसलत करीत होते. त्यांपैकी एक नेता फ्लॉरिडा राज्यात मोटारीतून मोबाइलवर बोलत होता. तेथील एका दांपत्याने ते सर्व संभाषण अशा यंत्रावर ऐकले व ध्वनिमुद्रित केले, आणि पुढच्याच महिन्यात ते वृत्तपत्रात छापून आले. राष्ट्रातील अत्यंत मोठ्या पदावरील माणसाचे बोलणे ऐकावयास कोणा गुप्तहेराची आवश्यकता पडली नाही.

आवाजाची बेरीज आणि वजाबाकी

बोलणे कुलूपबंद करण्याची कल्पना मात्र मोबाइलहून पुष्कळ जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी अमेरिका व इंग्लंड यांच्यामधील बिनतारी दूरध्वनीवर आवाजाचे पट्टे उलटेपालटे करून पाठविणारे एक यंत्र बसविलेले होते. जर्मन टपालखात्याच्या अभियंत्यांनी ते कोडे सोडविले आणि हॉलंडच्या किनाऱ्यावरील केंद्रातून १९४२ पासून ही संभाषणे ते ऐकत राहिले. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने जी यंत्रणा उभारली तिचे नाव सिगसाली. १९४३ च्या जुलै महिन्यात ती सुरू झाली. एका ठिकाणच्या यंत्राचे वजन सुमारे ५० टन भरे. एक यंत्र वॉशिंग्टनजवळ पेंटॅगॉनमध्ये होते, दुसरे लंडनमधील एका प्रसिद्ध दुकानाच्या तळघरात.

आकाराने अवाढव्य असले तरी त्या यंत्रामागील तत्त्व फार सोपे होते, आणि आजच्या खिशातील मोबाइलमध्येही तेच तत्त्व काम करीत आहे. आवाजाचे विश्लेषण करून प्रत्येक क्षणी त्याची पातळी ० ते ५ यांपैकी एका आकड्याने दाखविली जाई. दोन्ही ठिकाणी ग्रामोफोनच्या तबकडीची एकेक प्रत असे व तीवर केवळ विस्कळीत गोंगाट भरलेला असे; त्या गोंगाटातूनही असेच आकडे मिळत. समजा, आवाजाचा आकडा ४ आहे व तबकडीचा ५. बेरीज ९, तीतून ६ वजा केले की ३ उरतात. हवेतून पाठवावयाचा तो हा ३. पलीकडच्या माणसाजवळ तीच तबकडी त्याच क्षणी तोच ५ दाखवीत असते. ३ मधून ५ वजा होत नाहीत म्हणून ६ मिळवावयाचे, की पुन्हा ४ मिळतो. ज्याच्यापाशी तबकडी नाही त्याच्या दृष्टीने तो ३ कोणत्याही आकड्यापासून आलेला असू शकतो. एकदा वापरलेली तबकडी नष्ट करीत. जर्मनांना या यंत्रणेचा भेद कधीही करता आला नाही.

मोबाइलमध्ये सहा पातळ्यांच्या जागी ० आणि १ हे दोनच आकडे असतात. आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते. त्या ०-१ च्या पट्टीखाली दुसरी एक ०-१ ची पट्टी ठेवून बेरीज करितात आणि १ अधिक १ म्हणजे ० असे धरितात. त्याच दुसऱ्या पट्टीची बेरीज पुन्हा केली की मूळची पट्टी परत मिळते. अडचण एवढीच की, कोट्यवधी ग्राहकांना तबकड्या वाटीत बसणे कोणत्याही कंपनीस शक्य नाही. म्हणून लहानशा गुप्त आकड्यापासून लांबच लांब पट्टी तयार करणारी गणिती यंत्रे योजिली गेली. त्या लहान गुप्त आकड्यास किल्ली म्हणतात.

किल्ली आणि कुलूप यांतील भेद समजण्यास शाळकरी मुलांची ‘च’ची भाषा पुरेशी आहे. शब्दाचे पहिले अक्षर काढून शेवटी ठेवावयाचे व त्याच्या जागी ‘च’ बसवावयाचा. ‘मला’ याचे ‘चलाम’ होते आणि ‘कमळ’ याचे ‘चमळक’. मोठी माणसे काही दिवस गोंधळतात. पण युक्ती एकदा फुटली की आजवर बोललेले व पुढे बोलावयाचे सारेच उघडे पडते. येथे सर्व गुप्तता पद्धतीत आहे, किल्ली अशी नाहीच. मूळचे डच असलेले, फ्रान्समध्ये भाषाशिक्षक म्हणून काम करणारे ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये याविषयी एक नियम सांगून ठेविला: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. किल्ली बदलता येते, पद्धत सहजासहजी बदलता येत नाही. मोबाइलच्या इतिहासात हा नियम मोडण्याची चूक झाली आणि तिची किंमत ग्राहकांना मोजावी लागली.

परवलीचा शब्द

१९९१ मध्ये फिनलंडमध्ये जीएसएम पद्धतीची दुसऱ्या पिढीची सेवा सुरू झाली. भारतात पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला; पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. या पिढीत प्रथमच सामान्य ग्राहकाच्या बोलण्यास कुलूप लागले.

त्याची रचना कौतुकास्पद आहे. गडाच्या दरवाजावरील पहारेकरी येणाऱ्यास परवलीचा शब्द विचारतो. परंतु तो शब्द मोठ्याने उच्चारला तर झुडपाआड लपलेला माणूस तो ऐकून उद्या त्याच शब्दाने आत येईल. जीएसएममध्ये म्हणून परवलीचा शब्द कधी उच्चारलाच जात नाही. ग्राहकाच्या सिमकार्डात १२८ अंकांची एक गुप्त किल्ली कोरलेली असते. तिचीच प्रत कंपनीच्या मध्यवर्ती संगणकात असते. मोबाइल जवळ आला की मनोरा दरवेळी एक नवा, यदृच्छेने निवडलेला आकडा पाठवितो. सिमकार्ड तो आकडा व आपली किल्ली घेऊन एक गणित करिते आणि केवळ उत्तर परत पाठविते. कंपनीनेही तेच गणित केलेले असते. उत्तरे जुळली की ओळख पटली. त्याच गणितातून ६४ अंकांची दुसरी एक तात्पुरती किल्ली निघते, आणि त्या किल्लीने संभाषण कुलूपबंद होते.

कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीस ए५/१ असे रुक्ष नाव होते. अनुक्रमे १९, २२ व २३ घरांच्या तीन साखळ्या तीत असतात. घरांची बेरीज ६४. प्रत्येक साखळीतील एक ठरावीक घर जणू मत देते, आणि बहुमताच्या बाजूने असतील तेवढ्याच साखळ्या एक पाऊल पुढे सरकतात. या अडखळत्या चालीमुळे निघणारी ०-१ ची पट्टी विस्कळीत भासते. संभाषण चालू असताना दर सेकंदास सुमारे २१७ वेळा ही यंत्रणा नव्याने मांडली जाते, आणि हे सर्व बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यात घडते.

दोष दोन होते. पहिला असा की, पद्धत गुप्त ठेविण्यात आली होती. १९९४ मध्ये तिची रूपरेषा बाहेर फुटली, १९९९ मध्ये एका मोबाइलची चिरफाड करून ती संपूर्ण उलगडण्यात आली, आणि गणितज्ञांनी तिची परीक्षा करताच तिचा कच्चेपणा दिसून आला. शिवाय पुष्कळ ठिकाणी ६४ अंकी किल्लीतील १० अंक मुद्दाम शून्य ठेवीत, म्हणजे खरी किल्ली ५४ अंकांचीच. एकेक अंक कमी केला की शोधावयाच्या शक्यता निम्म्या होतात. दहा अंक कमी केले की चोराचे काम हजारपटीहून अधिक हलके होते. काही देशांना निर्यात करण्यासाठी ए५/२ नावाची याहूनही दुबळी पद्धत बनविलेली होती. इस्राएलमधील संशोधकांनी २००३ मध्ये तिची इतकी दैना केली की नंतर ती मोबाइलमधून काढून टाकावी लागली. ए५/१ साठी कार्स्टेन नोल या जर्मन संशोधकाच्या पुढाकाराने २००९ मध्ये आगाऊ गणिते करून ठेविलेल्या प्रचंड तक्त्यांचा संच तयार झाला. त्याचा व्याप सुमारे दोन टेराबाइट, म्हणजे आज बाजारात सहज मिळणाऱ्या एका डिस्कमध्ये मावेल एवढा. पूर्वी राष्ट्रांच्या गुप्तहेर खात्यांपाशीच असलेले सामर्थ्य त्या दिवसापासून घरगुती झाले.

दुसरा दोष अधिक खोल होता. पहारेकरी येणाऱ्याची ओळख पटवून घेतो. पण येणारा पहारेकऱ्याची ओळख विचारीतच नाही. रस्त्यात कोणा लुटारूने गडासारखा दरवाजा उभारला आणि पहारेकऱ्याचा वेष घेतला तर वाटसरू निमूटपणे त्याच्याच हाती आपले गाठोडे देईल. मोबाइलला सर्वांत बलवान वाटणारा मनोरा तो आपला मानतो. त्यामुळे पेटीएवढे यंत्र घेऊन गर्दीच्या जागी बसले की आसपासचे मोबाइल त्या खोट्या मनोऱ्यास येऊन चिकटतात. मग तो मनोरा सांगतो, ‘येथे कुलूप लावण्याची आवश्यकता नाही’, आणि दुसऱ्या पिढीचा मोबाइल ते मानतो. २०१० मध्ये अमेरिकेत लास व्हेगास येथील एका परिषदेत असे यंत्र सुमारे दीड हजार डॉलर खर्चून तयार करून सर्वांदेखत चालवून दाखविण्यात आले. २०२४ मध्ये लंडन व बँकॉक येथील पोलिसांनी अशा यंत्रांनी खोटे संदेश पेरणाऱ्यांस पकडले आहे.

पुढील पिढ्यांत हे दोष बहुतांशी दूर झाले. तिसऱ्या पिढीपासून मोबाइलही मनोऱ्याची परीक्षा घेतो; किल्ली १२८ अंकांची झाली; आणि पद्धती सर्वांसमक्ष प्रसिद्ध करून गणितज्ञांकडून तावूनसुलाखून घेण्यात आल्या. चौथ्या पिढीत तीन पद्धतींची सोय आहे. त्यांपैकी एकीचे मूळ स्वीडनमध्ये, दुसरीचे बेल्जियममध्ये आणि तिसरीचे चीनमध्ये आहे. चिनी पद्धतीस पाचव्या शतकातील झू चोंगझी या गणितज्ञाच्या नावावरून झूक हे नाव दिलेले आहे. पाचव्या पिढीत ग्राहकाचा कायमचा ओळखक्रमांकही झाकून पाठविण्याची योजना आहे. परंतु जुने दरवाजे अद्याप उघडे आहेत. भारतात लक्षावधी साधे मोबाइल दुसऱ्या पिढीच्या सेवेवर चालतात, आणि नवा मोबाइलही नव्या लहरी न मिळाल्यास जुन्यांवर उतरतो. लुटारू नव्या लहरींत अडथळा आणून त्यास खाली उतरावयास लावू शकतो. अँड्रॉइडच्या २०२१ मधील आवृत्तीपासून, हँडसेटमध्ये तशी सोय असल्यास, दुसऱ्या पिढीची सेवा बंद करण्याची कळ आलेली आहे. ती फार थोड्यांस ठाऊक आहे.

मनोऱ्याच्या पलीकडे

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. वर वर्णिलेले सर्व कुलूप केवळ मोबाइलपासून मनोऱ्यापर्यंतचे होय. मनोऱ्यापाशी ते उघडते, आणि पुढे कंपनीच्या यंत्रणेतून संभाषण उघड्या रूपात जाऊ शकते. या यंत्रणेत जो शिरला त्यास ए५/१ ची साखळी तोडण्याचे कारणच पडत नाही.

ग्रीसमध्ये हे प्रत्यक्ष घडले. २००४ साली, अथेन्स येथे ऑलिंपिक सामने भरले होते त्या सुमारास, व्होडाफोन कंपनीच्या ग्रीक शाखेच्या विनिमयकेंद्रांत कोणी अज्ञात इसमांनी सुमारे साडेसहा हजार ओळींची आज्ञावली गुपचूप घातली. न्यायालयाच्या किंवा शासनाच्या हुकुमाने एखादा दूरध्वनी ऐकावयाचा झाल्यास तशी सोय त्या केंद्रांच्या रचनेत मूळचीच होती; तिचा उपयोग करण्याची व त्याची नोंद ठेवण्याची साधने मात्र कंपनीने घेतलेली नव्हती. चोरांनी ती सोय तेवढी जागी केली. पंतप्रधान कोस्तास कारामानलिस, काही मंत्री, अथेन्सचे महापौर इत्यादी शंभराहून अधिक व्यक्तींचे बोलणे प्रत्येक वेळी दुहेरी होऊ लागले. एक प्रत ज्याची त्यास जाई आणि दुसरी आगाऊ पैसे भरून घेतलेल्या चौदा मोबाइलांपैकी एकावर. २००५ च्या जानेवारीत चोरांनी आपल्या आज्ञावलीत सुधारणा केली. तीत काही चूक राहून लोकांचे लघुसंदेश अडकू लागले, तक्रारी आल्या, आणि त्या तक्रारींचा माग काढताना मार्चमध्ये ही भानगड उघडकीस आली. चोर शहाणे असते व यंत्रणेस हात न लावते, तर ती किती काळ चालली असती हे सांगणे कठीण आहे. कंपनीने ती आज्ञावली ताबडतोब काढून टाकली. त्यामुळे ऐकणारे सावध झाले व त्यांचा मागही पुसला गेला. ग्रीक जनतेस ही हकीकत २००६ च्या फेब्रुवारीत कळली.

कंपन्यांमधील आपसांतील व्यवहाराचीही तीच गत. मुंबईचा मोबाइल घेऊन प्रवासी दुबईस उतरला की त्याचा ठावठिकाणा एक कंपनी दुसरीस कळविते. हे निरोप ज्या पद्धतीने जातात ती एसएस७ पद्धत १९८० च्या सुमारास आखली गेली. त्या वेळी दूरध्वनी चालविणाऱ्या संस्था मूठभर व बहुतेक सरकारी होत्या, आणि एकीचा दुसरीवर विश्वास असे. म्हणून निरोप देणारा खरा आहे काय हे पाहण्याची तजवीज तीत ठेविलेलीच नाही. पुढे लहानमोठ्या शेकडो कंपन्या या जाळ्यात आल्या. ‘अमुक ग्राहक सध्या आमच्या क्षेत्रात आहे, त्याचे संदेश आमच्याकडे पाठवा’ असा खोटा निरोप देऊन परदेशात बसलेला माणूस दुसऱ्याचे संदेश वळवू शकतो, हे २०१४ च्या अखेरीस हँबुर्ग येथील परिषदेत दाखवून देण्यात आले. २०१७ च्या प्रारंभी जर्मनीतील काही खातेदारांच्या बँकेचे परवलीचे आकडे याच मार्गाने वळवून चोरांनी त्यांची खाती रिकामी केली. घरात बसलेल्या खातेदाराचा मोबाइल त्याच्या हातातच होता. संदेश तेवढा आला नाही.

आपल्याकडे बँकेचा आकडा चोरीस जातो तो बहुधा इतक्या विद्वत्तेने जात नाही. गोड बोलून तो विचारून घेतला जातो, नाही तर खोटी कागदपत्रे दाखवून त्याच क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड काढले जाते. हे खरे असले तरी लघुसंदेश हा पोस्टकार्डाच्या जातीचा आहे, लखोट्याच्या नव्हे, हे विसरून चालणार नाही.

शासनाने ऐकावे की नाही आणि केव्हा ऐकावे हा प्रश्न निराळा; तो कायद्याचा आहे. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने सार्वजनिक आणीबाणीच्या वा सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडविण्याचा अधिकार शासनास दिला होता. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, दूरध्वनीवरील खाजगी संभाषण हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने रक्षिलेल्या हक्काचा भाग आहे. असा हुकूम गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने द्यावा, त्याची मुदत दोन महिन्यांची व वाढवून अधिकांत अधिक सहा महिन्यांची असावी, आणि त्याची छाननी समितीकडून व्हावी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. जुन्या अधिनियमाच्या जागी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला असून त्याखालील संदेश अडविण्याचे नियम २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले आहेत.

दोघांमधील गुप्त आकडा

वाटेतील कोणावरच विश्वास टाकावयाचा नसेल तर कुलूप बोलणाऱ्याच्या मोबाइलमध्ये लागले पाहिजे आणि ऐकणाऱ्याच्या मोबाइलमध्येच उघडले पाहिजे. पण मग किल्लीचे काय? नागपूरच्या मुलीने बंगलोरच्या मैत्रिणीस किल्ली पाठवावयाची ती त्याच हवेतून. ज्याने हवा टिपली त्याने किल्लीही टिपली. शेकडो वर्षे हा पेच सुटला नव्हता. राजांचे दूत किल्ल्यांच्या पुस्तिका घेऊन घोड्यावरून जात, सिगसालीच्या तबकड्या पहाऱ्यात पाठविल्या जात. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी, राल्फ मर्कल यांच्या विचारांचाही आधार घेऊन, त्यावर आश्चर्यकारक तोड काढली. इंग्लंडमधील सरकारी खात्यातही अशीच युक्ती दोनएक वर्षे आधी सापडली होती. पण ती १९९७ पर्यंत गुप्त राहिली.

ती युक्ती लहान आकड्यांनी पाटीवर करून पाहता येते. दोघी मैत्रिणी सर्वांसमक्ष १७ व ३ हे आकडे ठरवितात. पहिली मनात ५ हा आकडा धरिते. ३ चा पाचवा घात २४३, त्यास १७ ने भागून बाकी ५ उरते. ती ही बाकी उघडपणे पाठविते. दुसरी मनात ७ धरिते. ३ चा सातवा घात २१८७, १७ ने भागून बाकी ११. ती ११ पाठविते. आता पहिली आलेल्या ११ चा आपल्या मनातील पाचवा घात करिते: १,६१,०५१, १७ ने भागून बाकी १०. दुसरी आलेल्या ५ चा सातवा घात करिते: ७८,१२५, १७ ने भागून बाकी पुन्हा १०. दोघींच्या हाती १० हा एकच आकडा आला, आणि तो हवेतून गेलाच नाही. चोराने १७, ३, ५ व ११ हे सर्व ऐकले. त्यास आता ‘३ चा कितवा घात केला असता बाकी ११ उरते’ हे शोधावयाचे आहे. १७ साठी तो सोळा वेळा प्रयत्न करून शोधील. परंतु १७ च्या जागी सहाशे अंकी संख्या घेतली तर घात करणे संगणकास क्षणाचे काम राहते आणि उलटा शोध घेण्याची चांगली रीत मात्र कोणास ठाऊक नाही. मोबाइलमध्ये आज बहुधा याच युक्तीचा वक्ररेषांच्या भूमितीवर बेतलेला प्रकार वापरतात; तेथे सुमारे ७७ अंकी संख्या पुरतात.

सिग्नल या संदेशसेवेसाठी मॉक्सी मार्लिनस्पाइक व ट्रेव्हर पेरिन यांनी रचलेल्या पद्धतीत ही देवाणघेवाण एकदाच करून थांबत नाहीत. संभाषण चालू असता ती पुनःपुन्हा होते, प्रत्येक संदेशास नवी किल्ली मिळते आणि वापरलेली पुसून टाकली जाते. रहाटास उलट फिरू न देणारी खीळ असते तशी ही योजना आहे: आजची किल्ली चोरास सापडली तरी तीवरून कालचे संदेश उघडत नाहीत. व्हॉट्सॲपने २०१६ च्या एप्रिलमध्ये हीच पद्धत आपल्या सर्व ग्राहकांसाठी लागू केली. त्या वेळी त्यांची संख्या शंभर कोटींच्या वर होती. त्यांपैकी बहुतेकांस आपल्या बोलण्यास कुलूप लागले याचा पत्ताही नव्हता.

मध्ये बसलेला लबाड माणूस दोघींशीही निरनिराळी देवाणघेवाण करून दोघींस फसवू शकेल, ही एक पळवाट उरते. तिच्यासाठी या सेवांत ६० अंकांचा पडताळा दाखविण्याची सोय आहे. दोघींनी समोरासमोर भेटून तो एकमेकींच्या पडद्यावर जुळवून पाहावा. जुळला तर मध्ये कोणी नाही. ही तपासणी फार थोडे लोक करितात. वार्ताहर, वकील व ज्यांच्या बोलण्यावर दुसऱ्याचा जीव वा अब्रू अवलंबून आहे अशांनी ती टाळणे मात्र निष्काळजीपणाचे होईल.

अशा कुलपाची एक जादा किल्ली शासनासाठी राखून ठेवावी, अशी मागणी अनेक देशांत होत असते, आणि गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांची अडचण खोटी नाही. भारतातही २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर संदेशाचा पहिला प्रेषक शोधून देण्याची जबाबदारी टाकली. तिला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. परंतु राखून ठेवलेला दरवाजा कोण कोण उघडील हे तो बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही, हे ग्रीसमध्ये दिसले आणि पुढे अमेरिकेतही दिसले. चीनशी संबंधित घुसखोर अमेरिकेतील दूरध्वनी कंपन्यांत शिरले असून न्यायालयीन हुकुमांन्वये मागविलेली काही माहितीही त्यांनी उतरवून घेतली, असे तेथील शासनाने २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर केले. पुढच्याच महिन्यात तेथील संगणकसुरक्षा खात्याने उच्चपदस्थांस दोन्ही टोकांस कुलूप असलेल्या सेवाच वापरण्याचा सल्ला दिला.

असे कुलूपही सर्व काही झाकीत नाही. कोण कोणाशी, केव्हा व किती वेळ बोलला याची नोंद बाहेरच राहते, आणि मोबाइल कोणत्या मनोऱ्याजवळ आहे हे कंपनीस कळल्यावाचून घंटा वाजूच शकत नाही. रात्री दोन वाजता रुग्णालयास केलेला दूरध्वनी, आत काय बोलणे झाले हे न कळताही, पुष्कळ सांगून जातो. संदेशांची राखीव प्रत दुसरीकडे साठविली तर तिला वेगळे कुलूप लावावे लागते. व्हॉट्सॲपमध्ये ती सोय २०२१ पासून आहे, पण ग्राहकाने ती स्वतः सुरू करावी लागते. आणि मोबाइलमध्येच हेर शिरला तर कुलपाचा काहीच उपयोग नाही, कारण वाचणाऱ्यासाठी ते उघडलेलेच असते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या बोलण्याच्या सोयीतील एका दोषातून पेगॅसस ही हेरगिरीची आज्ञावली सुमारे १४०० मोबाइलांवर सोडण्यात आली, त्यांत भारतीयांचेही मोबाइल होते. मोबाइलची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करण्याचा कंटाळवाणा उपदेश का केला जातो, त्याचे कारण हे आहे.

गणितज्ञांना सध्या निराळीच चिंता लागलेली आहे. सहाशे अंकी संख्यांवरील उलटा शोध पुंजयामिकीवर चालणाऱ्या मोठ्या संगणकास साधेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच सिद्ध केले. तेवढा मोठा संगणक अद्याप कोणी बांधलेला नाही. पण आजचे कुलूपबंद संदेश साठवून ठेवावेत आणि तो संगणक तयार झाला की उघडावेत, असा विचार करणारा धीराचा चोर असू शकतो. म्हणून सिग्नलने २०२३ च्या सप्टेंबरात जुन्या युक्तीच्या जोडीला, निराळ्या प्रकारच्या गणितावर आधारलेली दुसरी किल्ली वापरण्यास प्रारंभ केला. तीच नवी पद्धत काही फेरबदलांसह अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. ती अर्थातच गुप्त नाही. जगातील कोणत्याही विद्यार्थ्यास ती वाचता येते, आणि तीत दोष शोधण्याचे काम चालू आहे.